पोर्शे 914 मध्ये सुबारूचं इंजिन: काटा 105 वर जातो आणि धाडकन खाली येतो, असं का?

इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला चालू झालं, छोटी चक्करही मारून झाली. मग दहाव्या मिनिटाला पाण्याचा काटा चढायला लागतो. 90, 95, 100, 105. आता बाजूला घ्यावी म्हणून इंडिकेटर द्यावा, तर काटा धाडकन 80 वर. हायसं वाटून पुढे निघावं तर चार मिनिटांनी पुन्हा तोच खेळ.

जुन्या पोर्शे 914 मध्ये सुबारूचं ईजे मालिकेतलं इंजिन बसवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा अनुभव येतो, आणि बहुतेक जण तिथून सरळ मोठा रेडिएटर आणायला जातात. मीही गेलो होतो. आधी दोन ओळींचा घेतला, मग त्याहून जाड. काट्याचं नाचणं जराही थांबलं नाही. दुसऱ्या रेडिएटरनंतर डोक्यात प्रकाश पडला की हा दोष रेडिएटरचा असता तर काटा वर जाऊन वरच राहिला असता. जो काटा 25 डिग्री झटक्यात उतरतो, त्याच्या रेडिएटरमध्ये गार पाणी भरपूर आहे. ते वेळेवर इंजिनापर्यंत पोहोचत नाही एवढंच.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 914 ही 1969 ते 1976 या काळात बनली. इंजिन सीटच्या मागे, गिअरबॉक्स त्याच्याही मागे, आणि इंजिन हवेवर थंड होणारं. म्हणजे गाडीत रेडिएटर नाही, पाण्याचा पाइप नाही, पाण्याचा काटाही नाही. आपण तिथे पाण्याचं इंजिन ठेवतो, रेडिएटर पुढच्या डिकीत स्टेपनीच्या जागी उभा करतो, आणि मध्ये फरशीखालून दोन लांब पाइप टाकतो. सुबारूच्या मूळ गाडीत रेडिएटर इंजिनापासून हातभर अंतरावर होता. सगळ्या भानगडीचं मूळ या वाढलेल्या अंतरात आहे.

हे अंतर किती महागात पडतं ते मोजून बघा. 35 मिमी आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे जवळजवळ 1 लिटर पाणी मावतं. जायचे अडीच मीटर, यायचे अडीच, म्हणजे पाचेक लिटर पाणी नुसतं पाइपात बसलेलं असतं. मूळ गाडीची अख्खी कूलिंग सिस्टिम साधारण 6 लिटरची! आपण ती जवळपास दुप्पट केली, पण थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि पंप तेच ठेवले.

आधी काटा खरा आहे का ते बघा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. 914 च्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मुळात तेलाचा. काही जण त्यालाच सुबारूच्या पाण्याचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) जोडतात आणि मग तो दाखवेल त्यावर घाबरतात. सेंडर आणि मीटर यांची जोडी जुळलेली नसेल तर त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. दुसरी गोष्ट अर्थिंगची. एका तारेचा सेंडर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला की त्याचं अर्थिंग कच्चं होतं, आणि पंखा चालू झाल्याबरोबर काटा हलतो. पंखा सुरू होताना काटा टुणकन उडी मारत असेल तर ती उडी विजेची आहे, पाण्याची नाही. पाणी इतक्या चपळाईने तापत नाही.

पडताळायचं कसं? इसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, स्वतःचा दोन तारांचा सेन्सर पाण्याच्या वरच्या आडव्या पाइपावर असतो. स्कॅनर लागत असेल तर तोच आकडा धरा. नसेल तर सेन्सरचा प्लग काढून ओम मोजा: 20 डिग्रीला 2 ते 3 किलोओम, 80 डिग्रीला 300 ओमच्या आसपास. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असेल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखू नका, तो हमखास कमी दाखवतो. पाइपावर काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

काटा खोटा निघाला तर अभिनंदन, तारा नीट करा आणि गाडी चालवा. खरा निघाला तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: कधी तापते? उभी असताना की पळताना? की दोन्ही वेळा, वरखाली करत? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि वरखालीचं उत्तर सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बंद केलेला हीटर

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी असतो. इंजिनातलं गरम पाणी थेट त्याच्यावर आदळतं, तो उघडतो. ईजेचं तसं नाही. इथे थर्मोस्टॅट वॉटर पंपाच्या खाली, रेडिएटरहून परत येणाऱ्या गार पाण्याच्या तोंडाशी बसतो. साधारण 78 डिग्रीला उघडायला लागतो आणि 91 ला पूर्ण उघडतो.

आता गंमत बघा. थर्मोस्टॅट बंद आहे, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाइपातलं गार पाणी. मग इंजिन तापल्याचं त्याला कळणार कसं? सुबारूने त्याची सोय हीटरच्या वाटेने केली आहे. वरच्या आडव्या पाइपातून गरम पाणी हीटरकडे जातं, हीटरमधून फिरून पंपाच्या तोंडाशी परत येतं, आणि येताना थर्मोस्टॅटच्या मेणाच्या गोळीला शेकत जातं. हीटरची होज ही त्या थर्मोस्टॅटची कानात सांगणारी चहाडखोर आहे, असं समजा.

आणि आपण काय करतो? 914 मध्ये पाण्याचा हीटर नाहीच, म्हणून ती दोन तोंडं रबरी बूच घालून, वर क्लॅम्प आवळून बंद करतो. काम सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात आपण चहाडखोराचं तोंड बांधलेलं असतं. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत पंपाला पाणी फिरवायला वाट उरत नाही, ते जागच्या जागी घुसळलं जातं. हेडमधलं (सिलिंडरांच्या माथ्यावरच्या भागातलं) पाणी 100 पार करतं तरी खाली थर्मोस्टॅटला पत्ता नाही. शेवटी धातूतून झिरपत झिरपत ऊब त्याच्यापर्यंत पोहोचते, तो उघडतो, आणि पाइपातलं अडीच लिटर गार पाणी लोंढ्यासारखं आत शिरतं. काटा धाडकन पडतो. त्या लोंढ्याने थर्मोस्टॅटही गारठून पुन्हा मिटतो. चक्र पुढे चालू.

तपासायला पाच मिनिटं लागतात. गार इंजिन चालू करा, रेडिएटरला जाणारी होज आणि पंपाच्या तोंडाची होज यांवर लक्ष ठेवा, आणि थर्मोस्टॅटच्या घरावर टेप लावून तापमान घ्या. इसीयू 100 दाखवतोय आणि थर्मोस्टॅटचं घर अजून 55-60 वर आहे, असं दिसलं तर रोग सापडला.

उपाय म्हणजे ती वाट परत मोकळी करणं. सगळ्यात चांगलं म्हणजे खरोखरचा छोटा हीटर बसवा. थंडीत उपयोगी, आणि गरज पडली तर तो दुसरा रेडिएटर म्हणूनही कामाला येतो. हीटर नकोच असेल तर वरच्या तोंडापासून पंपाच्या परतीच्या तोंडापर्यंत 16 मिमीची साधी होज वळवून जोडा. मात्र ही होज फारच आखूड आणि मोकळी असली तर थर्मोस्टॅट उघडल्यावरही बरंचसं गरम पाणी रेडिएटर चुकवून गोल गोल फिरत राहतं. हीटरची जाळी आपोआप जेवढा अडथळा करते तेवढा आपल्याला करावा लागतो. मी होजमध्ये 10 मिमी भोकाची पितळी चकती घातली आहे आणि माझं काम झालं आहे. हीटरच्या वाटेवर कॉक बसवलेला असेल तर तो उन्हाळ्यात बंद करू नका, नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

या टप्प्यावर कोणी ना कोणी सांगतंच, "थर्मोस्टॅट काढून फेकून दे." एकदा तपासण्यापुरता काढला तर हरकत नाही. कायमचा काढला तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन कधी नीट तापणारच नाही, इसीयू त्याला गार समजून पेट्रोल जास्त सोडत राहील, आणि तेलात ते पेट्रोल उतरेल. थर्मोस्टॅटच्या चकतीला 3 मिमीचं भोक पाडायचा सल्लाही फिरत असतो. त्याने हवा निघायला मदत होते, लक्षणं थोडी सौम्यही होतात, पण हीटरची वाट बंद असताना ती मलमपट्टीच.

होज जोडल्यावरही पहिल्या दोन-तीन उघडझापींना काटा 5-6 डिग्री डोलतो. लांब पाइपांत गार पाणी आहे तोवर ते साहजिक आहे. नंतर स्थिर व्हायला हवा.

हवा धरणे

वरखालीचं दुसरं कारण हवा. आणि इथे एक धोका आहे जो लक्षात न आल्याने इंजिनं गेली आहेत: काटा खाली आला म्हणजे इंजिन गार झालं असं नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं बोलतो. त्याच्याभोवती वाफेचा किंवा हवेचा फुगा आला की तो कमी दाखवायला लागतो, आणि नेमकी त्याच वेळी हेडची लाही होत असते. हीटर बसवला असेल तर ओळखणं सोपं आहे. काटा पडला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर ताबडतोब इंजिन बंद करा.

आपल्या मांडणीत पाइप झोळीसारखे लोंबतात. पुढचं टोक रेडिएटरपाशी वर, मागचं इंजिनापाशी वर, मधला भाग फरशीखाली. हवेला वर जायचं असतं, त्यामुळे ती दोन्ही टोकांना जाऊन बसते: रेडिएटरच्या माथ्यावर आणि इंजिनावरच्या आडव्या पाइपात. एका तोंडातून पाणी ओतून दोन्हीकडची हवा निघेल ही आशा सोडून द्या.

फोक्सवॅगनने 1982 च्या अखेरीस टी3 व्हॅनच्या मागच्या पेट्रोल इंजिनाला पाणी दिलं तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता: इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये लांब पाइप. त्यांचा तोडगा आजही जसाच्या तसा उचलता येतो. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा स्क्रू, गाडीचं तोंड वर उचलायचं, इंजिन रेसवर ठेवायचं, आणि स्क्रूतून बुडबुडे थांबून पाण्याची सलग धार येईपर्यंत मागून पाणी घालत राहायचं. बाजारातल्या रेडिएटरला असा स्क्रू नसेल तर बसवून घ्या. आडवा रेडिएटर घेतला असेल तर तो किंचित तिरपा लावा, म्हणजे एक कोपरा नक्की उंच राहील.

कायमचा उपाय मात्र हेडर टँक. इंजिनाच्या कप्प्यात, सगळ्या पाण्याच्या वर, प्रेशर कॅपची टाकी. आडव्या पाइपाच्या माथ्यावरून 6-8 मिमीची बारीक होज या टाकीत, रेडिएटरच्या माथ्यावरून दुसरी, आणि टाकीच्या बुडातून 19 मिमीची जाड होज पंपाच्या ओढीच्या बाजूला. बारीक वाटेने हवा टाकीत येते, जाड वाटेने पाणी परत जातं. पुढून मागे बारीक होज टाकायचा कंटाळा केला होता, म्हणून मी महिनाभर दर रविवारी स्क्रू सोडून हवा काढत बसलो. शेवटी टाकली. एका दुपारचं काम होतं.

टाकीत वर जागा सोडा. थंडीतून 90 डिग्रीपर्यंत जाताना कूलंटचं मिश्रण सुमारे 4 टक्के फुगतं. 11 लिटर सिस्टिमला जवळजवळ अर्धा लिटर. गळ्यापर्यंत भरलेली टाकी पहिल्याच फेरीला तेवढं पाणी रस्त्यावर ओकेल, आणि तुम्ही गळती शोधत गाडीखाली झोपाल.

पाणी भरताना व्हॅक्यूम फिलर कोणाकडे मिळाला तर उसना आणा. तो आधी सिस्टिममधली हवा ओढून काढतो आणि मग त्याच ओढीने कूलंट आत खेचतो. शिवाय व्हॅक्यूम धरून राहत नसेल तर कुठेतरी क्लॅम्प ढिला आहे हे पाणी भरायच्या आधीच कळतं.

उभी असताना तापते

पंखा. बहुतेक वेळा पंखाच, आणि पंख्यातही बिचारी मोटर निर्दोष असते. 914 ची बॅटरी मागे इंजिनाच्या कप्प्यात आणि पंखा गाडीच्या नाकाशी. 1 चौरस मिमी तांब्याच्या 4 मीटर तारेतून 20 अँपिअर नेले तर सुमारे 1.4 व्होल्ट तारेतच संपतात. परतीचं अर्थिंग गंजक्या बोल्टवर असेल तर आणखी एखादा. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा ओढत नाही. मल्टीमीटर पंख्याच्या प्लगवर लावा, पंखा चालू असताना. बॅटरीवर 13.8 आणि पंख्यावर 11 दिसले तर तार जाड करा, रिले पुढे न्या, अर्थची वेगळी तार टाका.

पंख्याची दिशाही बघा. प्लगच्या तारा उलट्या लागल्या तर पंखा उलटा फिरतो, आणि पळत्या गाडीत येणाऱ्या हवेला धक्के देत बसतो. रेडिएटरवर कागदाचा तुकडा धरा, चिकटला पाहिजे.

पळताना तापते

इथे मात्र दोष जाळीच्या आकारात शोधू नका, हवेच्या वाटेत शोधा. सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने जायला या हलक्या गाडीला 20 किलोवॅटसुद्धा लागत नाहीत. सुबारूचा मूळ रेडिएटर सुमारे 100 किलोवॅटचं इंजिन याहून जड गाडीत सांभाळत होता. तो 914 मध्ये अपुरा पडतो कारण त्यातून हवा जातच नाही.

914 ची पुढची डिकी ही पेटी आहे. मागे पेट्रोलची टाकी, बाजूंना पत्रा, वर झाकण. नाकाला भलं मोठं भोक पाडलंत तरी आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आतच तुंबते, आणि नवी हवा बंपरवरून, गाडीखालून निघून जाते. हवा आत घेण्याइतकाच विचार बाहेर काढण्याचा करा. चांगली जागा म्हणजे पुढच्या चाकांच्या कमानी, कारण चालत्या गाडीत तिथे दाब कमी असतो. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी झाकणाला जाळी कापण्याचा मोह टाळा, तिथे दाब जास्त असतो आणि हवा बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते. कमानी कापताना मात्र सस्पेन्शन जिथे अडकतं त्या पत्र्याला हात लावू नका. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्राच चॅसी आहे.

आणि रेडिएटरच्या चारही कडा फोमने किंवा पत्र्याने बंद करा. बोटभर फट ठेवली की हवा जाळीतून जाण्याचा त्रास कशाला घेईल? मी जाड रेडिएटर काढून पुन्हा मूळ मापाचा बसवला, कडा बंद केल्या, कमानी मोकळ्या केल्या. मोकळ्या रस्त्यावर काटा पूर्वीपेक्षा 8 डिग्री खाली राहतो.

पळताना तापण्याचं एक लपलेलं कारण: पंपाच्या ओढीच्या बाजूची होज. मऊ पडलेली, किंवा वळणावर दुमडलेली होज जास्त आरपीएमला आतल्या ओढीने चपटी होते. उभ्या गाडीत रेस देऊन कोणाला तरी बघायला लावा. आत स्प्रिंग घाला किंवा धातूचं वळण वापरा. धातूच्या पाइपांच्या टोकांना कडी उठवलेली असू द्या. गुळगुळीत टोकावरून होज दाबाखाली कधी ना कधी सटकतेच.

एवढं करून फरक नसेल तर

हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधली सील. ईजे25 च्या गॅस्केटची इतकी चर्चा होते की लोक सुरुवातच तिथून करतात आणि चांगलं इंजिन उघडतात. आधी निळ्या द्रवाची गॅस चाचणी घ्या. टाकीच्या तोंडावर नळी ठेवा, जळलेला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखी टणक होत असेल तर तेही तेच सांगते. माझ्या ईजे22 मध्ये द्रव निळाच राहिला, आणि मी पाने खाली ठेवले.

प्रेशर कॅपही बदलून बघा. चांगली कॅप 1 बार दाब धरते तेव्हा साधं पाणीसुद्धा 120 डिग्रीपर्यंत उकळत नाही. लेचीपेची कॅप असेल तर 105 लाच हेडच्या कोपऱ्यात वाफ धरायला लागते. कॅप गरम इंजिनावर उघडायची नाही हे सांगायला नको, पण ही टाकी इंजिनाच्या झाकणाखाली अगदी तोंडासमोर येते, म्हणून सांगतो.

सगळं जमल्यावर गाडी दोनदा पूर्ण तापवून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. फरशीखालचे चार आधी, कारण ते दिसत नाहीत. टाकीची पातळी गार असताना मार्करने खूण करून ठेवा आणि पहिला महिनाभर रोज सकाळी बघा. खूण हलली नाही तर डिकीत पाण्याचा कॅन ठेवणं बंद करा. माझा अजून आहे, पण ती सवय.